ओव्हन नाही, साखरही कमी... मग शरदात फळांचं बेक केलेलं गोड जमणार कसं?

दसरा होऊन गेला की मोबाइलवर एक ठरावीक दृश्य दिसायला लागतं. पिवळी-तांबडी पानं गळतायत, खिडकीबाहेर थंडी आहे आणि कुणीतरी ओव्हनमधून सफरचंदाचं क्रम्बल बाहेर काढतंय.

आता दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून बघा. पानगळ नाही, थंडी तर नाहीच. उलट ऑक्टोबर हीटने घामाच्या धारा लागलेल्या असतात. मात्र एक गोष्ट त्या रीलसारखीच असते. फळांच्या गाड्या भरलेल्या असतात. हिमाचल आणि काश्मीरची ताजी सफरचंदं, पेअर, सीताफळं, पेरू, पपया, केळी, सगळं एकदम दिसतं.

म्हणजे फळं आहेत. पण लालबाग-परळच्या किंवा गिरगावच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ओव्हन ठेवायचा कुठे? आणि पुढ्यात दिवाळी असताना, घरात कुणाला ना कुणाला शुगर असताना, आणखी एक गोड पदार्थ करायचाच कशाला?

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, आणि दोन्हींची उत्तरं याच भागातल्या जुन्या स्वयंपाकघरांत सापडतात.

बेकिंग मुंबईकर मराठी घरांना नवीन आहे का?

अजिबात नाही. फक्त त्याला बेकिंग म्हणत नव्हते.

खाली निखारे, वर झाकण आणि झाकणावर पुन्हा निखारे. ही पद्धत महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर जुनी आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांत श्रावण संपताना होणारं निनावं असंच भाजलं जायचं. गिरगाव-ठाकूरद्वार भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या पाठारे प्रभूंचं भानोलं हा तिखटाचा पदार्थ, पण त्यालाही आच खालून-वरून दोन्हीकडून लागते.

आणि फळाचं म्हणाल, तर कोकणातलं धोंडस. यालाच तवसळी असंही नाव आहे. पावसाळा सरताना मांडवावर लटकणारी मोठी जून काकडी म्हणजे तवसं. ते किसायचं, त्यात गूळ, तांदळाचा रवा आणि खोबरं घालायचं. मग जाड बुडाच्या भांड्यात ओतून वर-खाली निखारे ठेवायचे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने काकडी हे फळच आहे. म्हणजे शरदाच्या तोंडावर फळ घालून, भट्टीशिवाय भाजलेला हा आपला घरचा केकच झाला.

लालबाग, परळ, शिवडीच्या गिरण्यांमध्ये काम करायला कोकणातून हजारो माणसं आली. त्यांच्यासोबत त्यांचं खाणंही गिरणगावात आलं. चाळीत चूल गेली, स्टोव्ह आला, मग गॅस आला. झाकणावरचे निखारे तेवढे मागे पडले.

दुसरी सोय होती गल्लीतल्या बेकरीची. दिवाळीआधी नानकटाईचं पीठ मळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून बेकरीवाल्याकडे भाजायला द्यायचं, हे अनेक मुंबईकरांनी लहानपणी पाहिलेलं आहे. आता लाकडाच्या त्या भट्ट्याही बदलतायत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे निर्देश दिले. शहराच्या हवेचा विचार करता त्याचं कारण समजण्यासारखं आहे. पण घरचा ट्रे भट्टीत सरकवून देण्याचे दिवस त्याआधीच कमी होत चालले होते.

थोडक्यात, आता जे करायचं ते घरच्या गॅसवर.

आधी साखरेचं बोलू

हेल्दी हा शब्द फार स्वस्त झालाय. मैद्याच्या केकमध्ये दोन केळी कुस्करली की तो हेल्दी आणि साखरेऐवजी गूळ घातला की लाडू हेल्दी. असं होत नाही.

जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाचा अंदाज होता की भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे दिवाळीच्या ताटाभोवती बसलेल्या अनेक कुटुंबांत किमान एक जण असा असतो, ज्याला दरवर्षी एकतर सगळं खायला मिळतं नाहीतर काहीच नाही. "बाबांना नको देऊस" आणि "सणाचं एक खाल्लं तर काय होतंय" या दोन वाक्यांच्या मध्ये काहीतरी हवं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये एक मर्यादा सुचवली. दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त साखरेतून यावी, ५ टक्क्यांहून कमी असेल तर आणखी बरं. प्रौढ माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, म्हणजेच सहा चमचे.

मुक्त साखर म्हणजे काय, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. त्यात वरून घातलेली साखर येते, गूळ येतो, मध येतो आणि फळांचा रससुद्धा येतो. मात्र अख्ख्या फळात मुळात असलेली साखर त्यात धरत नाहीत. कारण ती फळाच्या चोथ्यात, पेशींमध्ये अडकलेली असते आणि शरीरात सावकाश उतरते.

म्हणून गुळाचं केलं की चालतं, हा समज खरा नाही. गुळाला चव आणि रंग वेगळा आहे, थोडी खनिजंही आहेत. पण त्याचा मोठा भाग साखरच आहे आणि त्याच्या कॅलरीही साखरेच्या आसपासच आहेत. मधाचंही तेच.

मग शुगर फ्री गोळ्या? त्यातलं अस्पार्टेम उष्णतेने विघटित होतं, त्यामुळे भाजल्यावर गोडवा जातो. शिवाय वजन कमी करण्यासाठी अशा गोड पर्यायांवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटलं. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांच्यासाठी ती शिफारस नव्हती. त्यांनी याबाबत आपल्या डॉक्टरांशीच बोलावं.

भाजल्यावर फळ जास्त गोड का लागतं?

फळ तापलं की त्यातलं पाणी उडतं. साखर तेवढीच राहते, पण कमी जागेत गोळा होते. पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन मऊ पडतं, म्हणून फळ चमच्याने तुटतं. कडा तांबूस होतात, तिथे नवीन खमंग चव तयार होते. वर दालचिनी किंवा वेलची पडली की गोडाचा भास आणखी वाढतो, कारण हे वास आपण लहानपणापासून गोड पदार्थांशी जोडलेले असतात.

म्हणजे साखर न वाढवता गोडी वाढते. भाजलेल्या फळाचा खरा फायदा एवढाच आहे.

तोटाही आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं. त्यामुळे पेरू क जीवनसत्त्वासाठी खायचा असेल, तर तो मीठ-तिखट लावून कच्चाच खावा. भाजलेलं फळ हे मिठाईला पर्याय आहे, कच्च्या फळाला नाही.

कुठलं फळ भाजायचं, कुठलं नाही?

सफरचंद: सगळ्यात सोपं. आश्विन-कार्तिकात बाजारात येतं ते नव्या हंगामाचं असतं. उन्हाळ्यात मिळणारी सफरचंदं बहुतेक शीतगृहातली किंवा परदेशी असतात. भाजायला कडक आणि किंचित आंबट फळ घ्या. साल काढू नका, चोथा तिथेच जास्त असतो.

पेअर: पूर्ण पिकलेलं नको. बोटाने दाबल्यावर जेमतेम दबेल असं घ्या, नाहीतर लगदा होतो.

पेरू: पिकलेला, वासाचा. मधला बियांचा भाग चमच्याने काढला की उरलेली वाटी छान भाजली जाते.

केळी: राजेळी मिळाली तर उत्तम. ती घट्ट असते आणि आचेवर आकार धरून ठेवते. वेलची केळीही चालतात, पण ती लवकर विरघळतात. साल काळी पडलेल्या केळ्यात स्टार्चची साखर झालेली असते, म्हणून त्यात वेगळं गोड घालायची गरजच नाही.

पपई: भाजून फार काही हाती लागत नाही. कच्चट पपईतलं पपेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि दुधाचा पदार्थ कडवट होतो. ती थंडच बरी.

सीताफळ: याला आच दाखवूच नका. गर तापवला की तो कडू होतो. सीताफळाची रबडी करणारेही गर दूध गार झाल्यावर घालतात, ते यासाठीच. भाजलेल्या पेअरवर गार सीताफळाचा गर घातलात तर मात्र क्रीमची आठवण येणार नाही.

ओव्हन नसताना: कढईची पद्धत

१. जाड बुडाची लोखंडी किंवा हिंडालियमची मोठी कढई घ्या. नॉनस्टिक नको. रिकामी तापवल्यावर तिचा लेप खराब होतो आणि त्यातून त्रासदायक वाफा निघू शकतात.

२. तळाला बोटाच्या एका पेराएवढं जाडं मीठ पसरा. हे मीठ नंतर खायला वापरायचं नाही, पण पुढच्या बेकिंगला पुन्हा चालतं.

३. मिठावर एक स्टँड किंवा उपडी वाटी ठेवा. घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा.

४. फळांचा डबा आत ठेवा. डबा ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा हवा. काचेचं भांडं इथे वापरू नका.

५. झाकण लावून आच मंद करा. पहिली २० मिनिटं झाकण उघडू नका. कोंडलेली उष्णता गेली की वेळ वाढतो.

बरेच जण यासाठी कुकर वापरतात. तसं करायचं असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढलेली हवीत, हे विसरायचं नाही. शिवाय पाण्याशिवाय वारंवार तापवला तर कुकर वाकू शकतो. रोजच्या भाताचा कुकर त्यासाठी पणाला लावण्यापेक्षा कढई बरी.

कढईत वरून रंग कमी येतो, कारण आच खालूनच असते. झाकणावरच्या निखाऱ्यांचं काम हेच होतं. आता त्यावर उपाय म्हणजे एक लोखंडी तवा दुसऱ्या शेगडीवर कडकडीत तापवून शेवटची पाच मिनिटं झाकणावर ठेवायचा. चिमटा आणि जाड फडकं हाताशी ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा.

छोटा ओटीजी घरात असेल, तर त्याचं तापमान १८० अंश ठेवा. एक गोष्ट मात्र तपासा. १५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, म्हणजे साध्या ६ अँपिअरच्या प्लगला तो झेपत नाही. जुन्या चाळीतल्या वायरिंगवर एक्स्टेंशन बोर्ड लावून तो चालवू नका, १६ अँपिअरचा पॉइंटच वापरा. दहा मिनिटं तापवणं आणि अर्धा तास भाजणं धरलं, तर साधारण एक युनिट वीज लागते.

पहिला पदार्थ: खजूर भरलेलं सफरचंद (४ जणांसाठी)

चार मध्यम सफरचंदं धुऊन घ्या. देठाकडून सुरीने मधला बियांचा भाग काढा, पण बूड फोडू नका. मध्यभागी सालीवर गोल एक हलकी चीर द्या. चीर नसेल तर साल फुटते.

सहा बिया काढलेले खजूर, दोन चमचे अक्रोडाचे तुकडे, अर्धा चमचा दालचिनीची पूड आणि अर्ध्या लिंबाचा रस एकत्र करून पोकळीत भरा. वर प्रत्येकी पाव चमचा तूप घाला. डब्यात तळाला तीन-चार चमचे पाणी घाला, म्हणजे फळ खाली लागत नाही.

कढईत ३५ ते ४० मिनिटं, ओटीजीमध्ये ३० ते ३५ मिनिटं. सुरी सहज आत गेली की झालं.

यात वरून घातलेली साखर शून्य. गोडी खजुराची आणि सफरचंदाची.

दुसरा पदार्थ: पेरू-पेअरचं ज्वारीचं क्रम्बल (५ जणांसाठी)

क्रम्बल हा मूळचा ब्रिटिश पदार्थ. दुसऱ्या महायुद्धात पीठ, साखर आणि लोण्याचं रेशनिंग असताना तो तिकडे घरोघरी पोहोचला असं मानलं जातं, कारण पायपेक्षा यात हे तिन्ही कमी लागतं. टंचाईतला पदार्थ असल्यामुळे साखर कमी करायला तो सोयीचा आहे.

दोन पेरू आणि दोन पेअरच्या फोडी डब्यात पसरा, वर लिंबू पिळा. अर्धी वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी ओट्स, २५ ग्रॅम किसलेला गूळ, चिमूट मीठ आणि थोडं जायफळ एकत्र करा. त्यात दोन मोठे चमचे घट्ट, गार तूप बोटांनी चोळा. रव्यासारखं भुरभुरीत झालं पाहिजे, गोळा होता कामा नये. ते फळांवर सैलसर पसरा, दाबू नका. कढईत ३५ मिनिटं, ओटीजीमध्ये २५ ते ३० मिनिटं.

गुळाचा हिशेब माणशी ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम सव्वा चमचा साखरेइतका. ज्वारीमुळे वरचा थर खमंग आणि किंचित खरखरीत होतो, मैद्यासारखा चिकट नाही.

जायफळ, दालचिनी संपली असेल तर लालबागच्या मसाला गल्लीत अख्खी घ्या आणि घरी कुटा. पुडीतल्या जुन्या पावडरीला वास राहिलेला नसतो आणि मग नकळत गूळ वाढवला जातो.

तिसरा पदार्थ: कमी गुळाची तवसळी (१२ तुकडे)

तवसं मिळालं तर उत्तम, नाहीतर मोठी जून काकडी. आधी चाखून बघा. कडू असेल तर ती वापरू नका, शिजवून कडवटपणा जात नाही.

सोलून, बिया काढून किसा. पाणी पिळू नका. दोन वाट्या कीस पाण्यासकट पातेल्यात घ्या, ७५ ग्रॅम गूळ आणि चिमूट मीठ घालून उकळी आणा. एक वाटी तांदळाचा रवा एक चमचा तुपावर खमंग भाजून त्यात घाला. अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची आणि थोडे काजूही घाला. पाणी शोषलं जाईपर्यंत मंद आचेवर ढवळा. फार कोरडं वाटलं तर पाव वाटी नारळाचं दूध घाला.

डब्यात तळाला हळदीचं पान ठेवा, त्यावर हे मिश्रण थापा. कढईत ४० ते ४५ मिनिटं. वरून तांबूस झाली आणि कडा सुटल्या की उतरवा. पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम असताना ती मोडते.

नेहमीच्या तवसळीत गूळ याच्या दुप्पट असतो. इथे एका तुकड्यात तो ६ ग्रॅमच्या आसपास बसतो. गावाकडची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना पहिल्यांदा ती अळणी वाटेल. म्हणून पहिल्या खेपेला १०० ग्रॅम गूळ घाला, पुढच्या खेपेला ७५. एकदम निम्मा केला की घरातली म्हातारी माणसं हात लावत नाहीत, आणि मुळात पदार्थ त्यांच्यासाठीच असतो.

घाईत असाल तर

दोन पिकलेली राजेळी केळी सालीसकट उभी चिरा. चिरेत एक चमचा ओलं खोबरं, भाजलेले तीळ आणि वेलची भरा, वर थोडं तूप सोडा. जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटं ठेवा. सालच भांड्याचं काम करते.

हे खाताना लक्षात ठेवायच्या चार गोष्टी

एक, मधुमेह असेल तर कमी साखरेचं म्हणजे हवं तेवढं, असा अर्थ होत नाही. फळ, खजूर, ज्वारी, तांदूळ या सगळ्यांतून कर्बोदकं येतातच. अर्धं सफरचंद किंवा एक छोटा तुकडा, तोही मिठाईच्या जागी, मिठाईनंतर नाही. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाला विचारून ठरवा.

दोन, हे चिवडा-चकलीसारखं डब्यात भरून ठेवायचं फराळाचं खाणं नाही. फळात पाणी असतं आणि ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात ते लवकर आंबतं. केलं त्याच दिवशी खा. उरलं तर फ्रीजमध्ये जास्तीत जास्त दोन दिवस.

तीन, दुपारी करू नका. छोट्या खोलीत पाऊण तास पेटलेली शेगडी आणि बाहेर ३५ अंश, हे कुणालाच सोसत नाही. संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून, रात्रीच्या स्वयंपाकाबरोबरच दुसऱ्या शेगडीवर लावा.

चार, वर आइस्क्रीमचा गोळा टाकला की वाचवलेली सगळी साखर परत येते. हवंच असेल तर पाणी काढलेलं घट्ट दही, त्यात थोडं केशर. श्रीखंडाचा चक्का असतो ना, तोच, फक्त साखरेशिवाय.

दिवाळीचं ताट यामुळे बदलणार नाही आणि बदलायची गरजही नाही. करंजी करंजीच्या जागी राहू दे. पण त्या ताटाशेजारी एक वाटी अशी ठेवता येते, जी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना वाढताना कुणालाही वगळावं लागत नाही. त्यासाठी लागते एक कढई, वाटीभर जाडं मीठ आणि घरी जाताना दादरच्या गाडीवरून घेतलेली चार सफरचंदं.